उग्र वासाच्या झुडपांनी भरलेला आडबाजूचा माळ: काय करता येईल?

माळकरी_पाटोदा
नमस्कार मंडळी. पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या उतारावर आमची वडिलोपार्जित जमीन आहे. खालचा तुकडा कसदार आहे, तिथं ज्वारी-तूर होते. वरचे सात एकर मात्र निव्वळ बरड. वीतभर मुरूम, खाली खडक. गाडीवाट निम्म्यातच संपते, पुढं पाऊलवाट. विहीर नाही, वीज नाही. वडील थकलेत, मी नोकरीनिमित्त पुण्यात, त्यामुळं राखणीला माणूस नाही.

या माळावर आपोआप जे वाढलंय ते जवळपास सगळं वासाचं. ओहोळाच्या कडेनं निरगुडी, मधल्या पट्ट्यात टणटणीच्या (घाणेरीच्या) जाळ्या, कपारीत सीताफळं, उताराला तिखाडी गवत. उघड्यावर तरवड आहे, त्याला तसा उग्र वास नाही, पण तेही तितकंच चिवट. गावातली शेरडं सगळा माळ बोडका करतात आणि या झुडपांना मात्र वळसा घालून जातात. २०१५-१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्या साली, खालची तूर जळाली. वरची निरगुडी जागची हलली नाही.

भाऊबंद म्हणतात जेसीबी लावा, सगळं साफ करा, मग बघू. मला ते पटत नाही. जे बिनपाण्याचं आणि बिनराखणीचं उभं आहे, त्याच्याच आधारानं काही करता येईल का? तेल निघतं का? औषधाला कुणी घेतं का? कुंपण, बांध, आणखी काही? ज्यांनी स्वतः काही करून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

गोदातीर
आधी जेसीबीवाल्याला नाही म्हणून सांगा. बाकी चर्चा निवांत करू.

शेरडंवाला (भूम)
भाऊ, आमच्याकडं उस्मानाबादी शेळ्या आजोबांपासून आहेत, म्हणून दोन शब्द लिहितो. शेरडू ज्याला तोंड लावत नाही ते बिनकामाचं, असं आमच्या वस्तीवर कुणी मानत नाही. निरगुडीचा ओला पाला निखाऱ्यावर टाकून गोठ्यात धूर केला की गोमाश्या आणि मच्छर हटतात. पावसाळ्यात तर रोजचं काम आहे ते.

पण एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात आली नाही. तुमच्या माळावर वासाचीच झुडपं का राहिली? बाकीची खाल्ली गेली म्हणून. बोर, हिवर, बाभूळ, खैर, यांची रोपं दर पावसाळ्यात उगवतात आणि टीचभर व्हायच्या आत जनावराच्या पोटात जातात. निरगुडी, टणटणी, तरवड, सीताफळ मागं राहतात आणि मोकळी झालेली जागा धरतात. तेव्हा नुसतं वासाच्या झुडपांचं बघू नका. चार वर्षं चराई थांबवली तर खोडात जीव धरून बसलेली बोरी-हिवरं परत फुटतील. आम्हाला चारा त्यांचाच लागतो.

माळकरी_पाटोदा
शेरडंवाला, हे फार कामाचं सांगितलंत. पण सात एकरांची चराई थांबवायची कशी? तारेचं कुंपण परवडत नाही, आणि तार लावली तर चोरीला जाते.

धुऱ्यावरची (जिंतूर)
तारेशिवाय होतं. आमच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, निरगुडीच आहे. पावसाच्या तोंडाला हातभर लांबीचे, अंगठ्याएवढे जाड छाट घ्यायचे आणि दोन ओळीत, एकाआड एक, वीत-वीत अंतरानं खोचायचे. भरवशाचा पाऊस झाला की जगतात. दुसऱ्या वर्षी वरून छाटलं की बुडातून फुटवे येतात, जाळी दाट होते. मधेमधे घायपात लावा. घायपाताच्या काट्याला गुरं भितात आणि निरगुडीच्या वासाला शेरडं कंटाळतात. मुरमात दोन्ही येतात. हां, माणसाला हे कुंपण अडवत नाही. त्यासाठी गावाशी बोलणंच आलं.

अत्तरवेडा
तेलाबद्दल मी लिहितो, कारण सध्या या विषयात फार लोकांचे पैसे अडकलेत.

सुगंधी तेल काढायची रीत सगळीकडं एकच: पाल्यातून वाफ सोडायची, वाफेबरोबर तेल उडतं, पुढं थंड नळीत दोन्हींचं पाणी होतं, आणि तेल हलकं म्हणून वर तरंगतं. म्हणजे भट्टीला जळण पाहिजे, बॉयलरला पाणी पाहिजे आणि नळी गार ठेवायला त्याहून जास्त पाणी पाहिजे. माळकरींच्या माळावर जळण सोडून यातलं काही नाही.

आता उतारा. गवती चहा किंवा तिखाडीच्या शंभर किलो ताज्या पाल्यातून साधारण अर्धा किलो तेल मिळतं, तेही चांगलं पीक असेल तर. जिरेनियमच्या एका टनातून किलोभर. निरगुडीच्या पानात तर याहून कमी. टणटणीच्या पानातही तेल असतं, पण ते घेणारा ठरलेला व्यापारी मला तरी भेटलेला नाही. आणि व्यापारी किलो-दोन किलोला दारात उभं करत नाही. त्याला डबेच्या डबे लागतात, दर खेपेला सारख्या प्रतीचं लागतं, प्रयोगशाळेचा कागद लागतो.

यातलं आशेचं एकच गवत दिसतं, तिखाडी. रोशा तेल म्हणतात ते याचंच. खानदेश, निमाड, बैतूल या पट्ट्यात रानातलं तिखाडी कापून तिथंच ओहोळाकाठी भट्ट्या लावायचे. मुंबईच्या बंदरातून हे तेल तुर्कस्तानला जायचं आणि तिकडं महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. त्याचं गमक असं की माल कापला त्याच जागी तेल काढायचं. टनभर गवत डोक्यावरून खाली आणणं जमणारं नाही, पण पाच किलोचा कॅन एक माणूस पाऊलवाटेनं सहज आणतो. लखनौच्या सीमॅप संस्थेनं तिखाडीचे सुधारित वाण काढलेत आणि २०१७ पासून अरोमा मिशन या सरकारी योजनेखाली शेतकऱ्यांना रोपं आणि प्रशिक्षण मिळालंय. तरीही, पाणी नसेल तर भट्टीचा विचार सोडा.

पुष्कर_कन्नड
अत्तरवेडा यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या भागात एका कंपनीनं जिरेनियमची रोपं चढ्या भावानं विकली, तेल आम्हीच घेऊ असा करार केला, आणि तेल तयार झालं तेव्हा फोन उचलायचं बंद केलं. माझ्या चुलत्यांच्या घरात ते डबे अजून आहेत. लागवडीआधी खरेदीदार शोधा, आणि जो रोपं विकतो तोच तेल घेणार असेल तर चार वेळा विचार करा.

उत्तरा_अंबाजोगाई
मी मूळची अंबाजोगाईची, आता अ‍ॅरिझोनात टूसॉनला राहते. धागा वाचून राहवलं नाही.

इथल्या वाळवंटात क्रिओसोट नावाचं झुडूप मैलोन्‌मैल पसरलंय. माणसाच्या उंचीचं, जुळी बारीक पानं, पानांवर राळेचा चकचकीत थर. पान चुरगाळलं की बोटाला चिकटतं आणि डांबराच्या जवळ जाणारा वास येतो. जुलैत इथला छोटासा पावसाळा सुरू होतो. वळीव दहा मैलांवर असतानाच हवा दमट होते आणि हा वास गावभर पसरतो. इथले लोक त्यालाच पावसाचा वास म्हणतात. राळेचे फायदे झुडपाला: पानातलं पाणी उडत नाही, आणि जनावर खात नाही. मोहावी वाळवंटात एकाच मुळातून कड्यासारखं बाहेर बाहेर वाढत गेलेलं एक क्रिओसोट आहे, त्याचं वय सुमारे ११,७०० वर्षं धरतात.

उपयोगांचं म्हणाल तर इथल्या मूळ रहिवाशांनी या झुडपाचं खूप काही केलं. पानांचा शेक, जखम धुवायला काढा. फांद्यांवर एक लाखेचा किडा बसतो, त्या लाखेनं बाणाची टोकं पक्की करायचे, फुटकी मडकी सांधायचे. पुढं शहरी लोकांनी याच पानांच्या चहाचा आणि गोळ्यांचा धंदा केला, लोकांची यकृतं बिघडली, आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. वरून लावणं वेगळं आणि रोज पोटात घेणं वेगळं, हे आपल्याकडच्या झुडपांबाबतही पाळायला हवं.

दुसरं उदाहरण ग्वायुलेचं. उत्तर मेक्सिको आणि टेक्ससच्या वाळवंटातलं हे राखाडी झुडूप. याच्या सालीत रबर असतं. दुसऱ्या महायुद्धात जपाननं आग्नेय आशियातले रबराचे मळे घेतले तेव्हा अमेरिकेनं १९४२ मध्ये हजारो एकरांवर ग्वायुले लावलं. युद्ध संपलं, रबर परत स्वस्त झालं, आणि उभी लागवड मोडून टाकली. आपल्या गाजरगवताचं हे सख्खं भावंड, वनस्पतिशास्त्रात दोघांचं कुळ आणि घराणं एकच.

गोदातीर
म्हणजे भावंडांत एक कमावता निघाला आणि दुसरा आमच्या वाट्याला आला! :)

सुलभा_परभणी
गोदातीर, :D  पण गाजरगवतानं आमच्या आईचे हात वर्षभर सोलवटून निघाले होते हो. त्याला हातमोज्याशिवाय कुणी हात लावू नये. फुलं यायच्या आत उपटलं तर खत होतं, फुलं आल्यावर नाही.

किनवटचा_रानवेडा
उत्तराताई, छान माहिती. पण आपला माळ वाळवंट नाही हे आधी नक्की करू. टूसॉनला पाऊस किती?

उत्तरा_अंबाजोगाई
वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास.

किनवटचा_रानवेडा
तेच म्हणतो. मराठवाड्याची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. आष्टी-पाटोद्याकडं कमी पडतो, मान्य, पण तरी वाळवंटाइतका नाही. फरक असा की आपल्याकडं तो चार-सहा मोठ्या झडीत पडतो आणि उघड्या मुरमावरून धावत खाली ओढ्याला जातो. माळावर उरतच नाही, म्हणून तिथं वाळवंटाला शोभणारी झुडपं दिसतात. माळकरींनी पहिला पैसा सलग समतल चरांवर, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या चरांवर घालावा. चराच्या खालच्या भरावावर निरगुडीचे छाट खोचा, मुळं माती धरतील. हे काम रोजगार हमी योजनेतूनही होतं, ग्रामपंचायतीत विचारा.

दुसरा मुद्दा, आणि तो मी जरा कडक लिहितोय. या धाग्यात टणटणी आणि निरगुडी एका रांगेत बसवल्या जात आहेत, ते बरोबर नाही. निरगुडी आपली आहे. टणटणी अमेरिकेतून शोभेचं झाड म्हणून १९व्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत आली आणि देशभर पसरली. तिच्या जाळीखाली गवताचं बी रुजत नाही. बुलबुल, साळुंख्या फळं खातात आणि बी नव्या जागी टाकतात. तिचे उपयोग शोधत बसलो तर ती काढणार कोण? ज्याला तिच्यातून पैसा मिळेल तो ती राखेल.

धुऱ्यावरची (जिंतूर)
रानवेडा, तत्त्व पटलं, पण काढलेली टणटणी फेकायची का? दशपर्णी अर्कात तीच लागते की. आमच्याकडची कृती देते: २०० लिटरचं पिंप, त्यात कडुनिंबाचा पाला पाच किलो, आणि टणटणी, निरगुडी, सीताफळ, रुई, करंज, पपई, गुळवेल, लाल कण्हेर, मोगली एरंड यांचा पाला दोन-दोन किलो. दोन किलो हिरव्या मिरचीचा ठेचा, पाव किलो लसूण, तीन किलो शेण, पाच लिटर गोमूत्र, वर पाणी. सावलीत महिनाभर, रोज काठीनं ढवळायचं. झाकण काढलं की डोळ्यातून पाणी येतं इतका उग्र होतो. मग गाळून, पाणी घालून फवारायचा. तूर-हरभऱ्याच्या अळ्यांवर सुरुवातीच्या टप्प्यात चांगला चालतो. एकदा अळी मोठी झाली की अर्कानं आवरत नाही, हेही खरं.

माळकरींच्या माळावर यातली टणटणी, निरगुडी आणि सीताफळाची पानं फुकट आहेत. खालच्या तुरीसाठी एवढं जरी केलं तरी फवारणीचा खर्च वाचेल. त्यासाठी माळावर रस्ता लागत नाही, एक पोतं पाला डोक्यावर आला की झालं.

गुरांचा_डॉक्टर
अर्क करा, पण कापलेली टणटणी गोठ्याच्या आसपास टाकू नका. मी जनावरांचा डॉक्टर आहे, दर टंचाईच्या साली या झुडपाच्या केसेस बघतो. एरवी जनावर टणटणी खात नाही. पण चारा नसला, किंवा बाजारातून उपाशी आणलेलं नवं जनावर असलं की खातं. दोन-तीन दिवसांत रवंथ बंद, शेण घट्ट, डोळे पिवळे. कावीळ होते, आणि यकृत बिघडल्यामुळं हिरव्या चाऱ्यातलं द्रव्य रक्तात साचतं, मग ऊन सोसत नाही. नाकपुडी, कान, सड, जिथं कातडी उघडी आणि पांढरी असते तिथं भाजल्यासारखी फुटते. मालकाला वाटतं उन्हानं झालं. असं जनावर दिसलं तर आधी सावलीत बांधा आणि लगेच डॉक्टर बोलवा, घरगुती उपायात दिवस घालवू नका.

सीताफळाच्या बियांबद्दलही सांगून ठेवतो. खेड्यात उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. लेकरांच्या डोक्याला अजिबात लावू नका.

शेरडंवाला (भूम)
डॉक्टरसाहेबांचं खरंय. आमची एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, अशीच गेली होती. लाल फुलाची टणटणी जास्त वाईट, असं जुनी माणसं सांगतात.

गुरांचा_डॉक्टर
जुन्या माणसांचं निरीक्षण बरोबर आहे. सगळ्या जाती सारख्या विषारी नसतात, लाल फुलांच्या झाडांनी विषबाधा झाल्याचं जास्त दिसतं.

पवनपुत्र_बीड
सगळ्यांची माफी मागून वेगळं सुचवतो. पाटोद्याच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेतच. सात एकर पड जमीन आहे, भाड्यानं द्या, दरसाल पैसे घ्या. झुडपांतून काय मिळणार?

माळकरी_पाटोदा
दोन दलाल येऊन गेले. जमीन वर आहे पण वाऱ्याच्या तोंडाला नाही, त्यांनाच नको आहे. आणि खरं सांगू, मला तो माळ तसाच पुढं न्यायचा आहे. पैसा मिळाला तर हवाच, पण त्यासाठी माळ मोडायचा नाही.

भुजचा_मराठी
मी कामानिमित्त कच्छमध्ये असतो. पैशाच्या मुद्द्यावर गुग्गुळाचं उदाहरण देतो. कच्छ, बाडमेर, जैसलमेर या कोरड्या पट्ट्यातलं हे काटेरी, सुगंधी डिंकाचं झुडूप. जनावरांपासून टिकलं, दुष्काळातून टिकलं. पण डिंकाला भाव आला आणि झटपट जास्त डिंक सुटावा म्हणून लोक खोल घाव घालून वर लेप लावायला लागले. डिंक सुटतो, पण झुडूप वाळून जातं. आता त्याची नोंद अतिसंकटग्रस्त वनस्पतींत आहे. ज्या गोष्टीला एकाएकी भाव येतो ती उघड्या माळावरून आधी नाहीशी होते. माळकरींनी असाच उपयोग निवडावा ज्यात झाड कापलं की परत फुटतं.

सुलभा_परभणी
भुजचा_मराठी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला आमच्या कणगीची आठवण झाली, कारण ती अशाच झाडाची असते.

आमच्या माहेरी ज्वारी कणगीत असायची आणि कणगी निरगुडीच्या फोकांची. दिवाळीनंतर निरगुडी बुडातून छाटायची, करंगळीएवढे सरळ फोक निवडायचे. ओले असतानाच विणायचे, वाळले की कडाकड मोडतात. आधी खालचं बूड गोल विणून घेतात. मग उभे फोक ठेवून आडवा फोक एकाच्या पुढून, एकाच्या मागून असा ओवत वर जायचं. पोटाला फुगीर, तोंडाशी आवळत आणायचं. माझी मामी आडवा फोक घातल्यावर तळहातानं ठोकून खाली बसवायची, म्हणायची फट राहिली तर उंदराला निरोप जातो. मग आतून-बाहेरून शेण आणि पांढऱ्या मातीचा लेप, उन्हात कडक वाळवायचं. भरताना तळाला आणि थराथरात निरगुडीचा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. सोंडे कमी लागतात.

पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि विणणारे हात कमी झाले. पण आता शहरातली मंडळी बांबूच्या टोपल्या हौसेनं घेतात. निरगुडीच्या टोपल्या, कोंबड्यांची डालगी, फळाच्या पाट्या का नाही चालणार? छाटलं की दुसऱ्या वर्षी झाड नवे फोक देतं, पाणी-खत काही नको. वजनालाही हलकं, पाऊलवाटेनं डोक्यावर भारा येतो.

उत्तरा_अंबाजोगाई
सुलभाताई, किती वर्षांनी वाचलं हे. आमच्या वाड्यात धान्याला बळद होतं, पण शेतातल्या कोठ्यावर कणगीच होती.

अत्तरवेडा
टोपलीची कल्पना मला तेलापेक्षा जास्त पटते. कर्नाटकात माले महादेश्वराच्या डोंगरात सोलिगा लोक टणटणीच्या काड्या उकळून, साल काढून खुर्च्या-सोफे करतात, दिसायला वेतासारखे. तमिळनाडूत गुडलूरकडच्या आदिवासी कारागिरांनी टणटणीचे पुरुषभर उंचीचे हत्ती केले आणि ते परदेशात प्रदर्शनाला गेले. रानवेडा यांना जी भीती आहे तिचं उत्तर त्यातच आहे: टणटणी मुळासकट काढायची, माल वापरायचा, जागी दुसरं लावायचं.

किनवटचा_रानवेडा
मुळासकट काढली जाते हे बघितलं तर माझी हरकत नाही. काढायची पद्धत मात्र पाळा. वरून कापली तर दुप्पट फुटते. जमिनीच्या खाली तीन-चार बोटं कुदळ घालून मुख्य मूळ तोडायचं, म्हणजे जिथून फुटवे येतात तो गड्डा वर येतो. मग झुडूप उलटं करून, मुळं आकाशाकडं अशी तिथंच ठेवायची. मातीला टेकली की परत धरते. फळं पिकायच्या आत हे करायचं. पुढची दोन-तीन पावसाळी रोपं उपटत राहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोकळ्या जागेत त्याच पावसात गवत आणि झाडाचं बी पडलं पाहिजे.

जेसीबीनं हे जमत नाही. तो मुरूमही खरवडून नेतो.

मधपोळं
मधमाश्यांचं कुणीच लिहिलं नाही! निरगुडीच्या जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्या तुटून पडतात. पाण्याशेजारची निरगुडी तर वर्षातून बराच काळ फुलावर असते. पेट्यांबद्दल मात्र घाई नको. सातेरीला, म्हणजे पेटीत पाळतात त्या माशीला, मराठवाड्यातला वैशाख सोसत नाही, सावली आणि पाणी नसेल तर वसाहत पेटी सोडून जाते. फुलोरी माशीचं छोटं पोळं निरगुडीच्या जाळीतच असतं, ती पेटीत राहत नाही. तिला नुसतं राहू द्या, खालच्या तुरीला आणि कारळ्याला तिचा फायदा होतो. तरवडाच्या फुलात मध नसतो, परागच असतो, तरीही भुंगे येतात.

धारूरची_लेक
तरवडावरून आठवलं, नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ लागते. पाटोदा, बीडच्या बाजारात त्या नऊ दिवसांत पिवळी फुलं विकायला येतात. मोठा पैसा नाही, पण गावातल्या बायकांना फुलं खुडू द्या, त्या बदल्यात माळावर नजर राहील. राखणीचा प्रश्न असाच सुटतो. पूर्वी साल काढून कातडं कमवायला नेत, आता ते फार दिसत नाही.

आणि सीताफळाकडं सगळ्यांचं दुर्लक्ष का झालं? मी धारूरची, आमच्या बालाघाटाचं वैभव ते! बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. शेळी पानाला तोंड लावत नाही, मुरमात येतं, पाणी दिलं नाही तरी मरत नाही. माळकरींच्या माळावर ते आपोआप आलंय म्हणजे जागा त्याला मानवली आहे.

अडचण एकच, फळ नाजूक. फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या-पिवळ्या झाल्या, की त्याच दिवशी उतरवायचं. दोन-तीन दिवसांत पिकून मऊ होतं. पाऊलवाटेनं पाटी डोक्यावर आणताना खालची फळं दबतात. म्हणून एका पाटीत दोन थरांच्या वर भरू नका आणि खाली-मध्ये गवत घाला. तुमचं तिखाडी गवत चालेल. गर काढणाऱ्यांना दबलेलं फळ चालतं, पण भाव पडतो. आणि बाहेरून कलमं आणण्याआधी तुमच्या कपारीतल्या झाडांची फळं चाखून बघा. ज्याला गर जास्त आणि बी कमी, त्याच्या काड्या घेऊन तिथल्याच रोपांवर डोळे भरून कलम करा. तुमच्या माळाचं वाण तुमच्याच माळावर टिकेल.

पुष्कर_कन्नड
सीताफळावरचा पिठ्या ढेकूण विसरू नका, रस शोषणारी पांढरी कीड ती. मुंग्या खोडावरून त्याला वर नेतात. खोडाला ग्रीसचा पट्टा लावला तर बराच आटोक्यात राहतो.

माळकरी_पाटोदा
मंडळी, इतकं भरभरून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. परवा वडिलांना धागा वाचून दाखवला. तिखाडीच्या भट्ट्यांचं ऐकून ते म्हणाले, पाणीच नाही तर राहू दे, गवत गंजीवर घालायला होतं तेवढं बास. निरगुडीच्या कुंपणाचं त्यांना एकदम पटलं.

असं ठरवलंय. तेल आणि औषध डोक्यातून काढलं. या पावसाआधी ग्रामपंचायतीत चरांचा अर्ज. चराच्या भरावावर आणि शिवेला निरगुडीचे छाट, मधे घायपात. टणटणी एकदम सगळी नाही, दरवर्षी एक पट्टा, रानवेडांनी सांगितलं तसं मुळातून, आणि त्याच पट्ट्यात सीताफळ आणि बोरी-हिवराचं बी. खालच्या तुरीला दशपर्णी. तरवड जसं आहे तसं, गावातल्या बायकांना नवरात्रात फुलं मोकळी. भाऊबंदांना जेसीबी नको म्हणून सांगितलं, थोडी नाराजी आहे, ती निघेल.

दोन शंका राहिल्या. टणटणी काढलेल्या पट्ट्यात पहिल्या वर्षी बी टोकायचं की आधी नुसतं गवत येऊ द्यायचं? आणि सुलभाताई, कणगी विणणारं कुणी अजून आहे का? आमच्या गावात आता कुणाला येत नाही.

किनवटचा_रानवेडा
दोन्ही एकदम. उलट्या ठेवलेल्या जाळीच्या आडोशाला बी टोका. वाळलेल्या फांद्यांमुळं शेरडाचं तोंड आत पोचत नाही, आणि रोपाला पहिल्या उन्हाळ्यात सावली मिळते. पवन्या गवताचं बी मिळालं तर मधल्या मोकळ्या जागेत फेका.

शेरडंवाला (भूम)
बोरी-हिवराचं बी मी देतो. शेळ्यांच्या लेंड्यांतून पडलेलं हिवराचं बी लवकर उगवतं, तेच गोळा करून ठेवतो.

सुलभा_परभणी
मामी आहे ना! तिला आता खाली बसून ठोकवत नाही, पण शेजारी बसून सांगते आणि तिच्या सुनेला बूड विणता येतं. निरगुडी आत्ता छाटू नका, पावसाळ्यात फोक कोवळे असतात, वाळल्यावर आकसतात आणि वीण सैल पडते. मार्गशीर्षात छाटा, त्याच दिवशी भारा ओल्या पोत्यात बांधून आणा. सोबत गावातल्या एक-दोघींना आणा, शिकून जातील. राहायची सोय आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, होईल. व्यक्तिगत निरोपातून पत्ता कळवते.